फुलस्केपपासून युनिकोडपर्यंत : खेड्यात राहून लिहिणाऱ्यांसाठी

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. घरचं वावर आहे, कापूस-तूर असते, आणि पंचवीस वर्षांपासून मी कथा लिहिते. त्यातली पहिली वीस वर्षं रीत एकच होती. फुलस्केप कागद, पाठकोरा ठेवायचा, डाव्या अंगाला समास, खाली कार्बन, आणि बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेलं की पोस्टात रजिस्टर. मग दिवाळी अंकांच्या आवाहनात एक ओळ यायला लागली : साहित्य युनिकोडमध्ये टाइप करून ईमेलनेच पाठवावे.

युनिकोड हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा वाचला. तालुक्याला एका डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर टाइप करून पानं लावून देणाऱ्या दुकानात गेले, पानामागे पैसे देऊन कथा टाइप करून घेतली. दुकानदारानेच त्याच्या ईमेलवरून ती पाठवली. पंधरा दिवसांनी संपादकांचा फोन आला, "ताई, फाइलमध्ये नुसती इंग्रजी अक्षरं दिसताहेत." तोवर मुदत संपली होती. पुढच्या वर्षी त्याच दुकानातला संगणक बिघडला आणि माझ्या तीन कथा त्याच्यासोबत गेल्या. मूळ कागद मी दुकानातच ठेवले होते, ते रद्दीत गेले. एक कथा मी आठवून आठवून पुन्हा लिहिली. दोन नाही जमल्या.

२०२३ च्या फेब्रुवारीत वर्ध्याला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. तिथे पुस्तकांच्या गाळ्यांमधून फिरताना खेड्यांतून आलेल्या चार-पाच लिहिणाऱ्यांशी बोलणं झालं, आणि सगळ्यांचं दुखणं एकच निघालं. तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं. ज्यांच्या ट्रंकेत वह्या आहेत आणि हातात मोबाइल आहे, त्यांच्यासाठी हे आहे.

१. सामान काय लागतं

फार काही लागत नाही.

- एक अँड्रॉइड मोबाइल. घरातल्या सगळ्यांचा मिळून एक असला तरी चालतो, फक्त खातं तुमचं वेगळं हवं.
- स्वतःचं ईमेल खातं. गूगलचं काढलं तर १५ जीबी जागा फुकट मिळते. निव्वळ मजकूर असेल तर जन्मभराचं लिखाण त्यात मावतं.
- एक पेनड्राइव्ह.
- एक साधी वही, पासवर्ड आणि फाइलींची नावं लिहायला.

लॅपटॉप असला तर उत्तम, जुना घेतला तरी चालेल. डेस्कटॉप घेऊ नका असं मी स्पष्ट सांगते. आपल्याकडे लाइन कधी जाईल याचा नेम नाही. दोन पानं लिहून व्हावीत आणि खटकन अंधार व्हावा, हे एकदा झालं की पुन्हा बसायची इच्छाच राहत नाही. मोबाइल आणि लॅपटॉपला बॅटरी असते, त्यामुळे ओळ पूर्ण तरी करता येते.

ईमेल खातं दुकानात किंवा सेवा केंद्रात बसून, दुसऱ्याच्या मोबाइल नंबरवर काढू नका. का, ते शेवटच्या पायरीत येईल.

२. आधी युनिकोड म्हणजे काय ते समजून घ्या

ही पायरी ओलांडून पुढे जाऊ नका. माझी सगळी फजिती इथेच झाली होती.

जुन्या काळच्या मराठी फॉन्टांमध्ये, म्हणजे कृतीदेव, शिवाजी आणि त्या पिढीतले बाकीचे, संगणकाच्या पोटात मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षर असतं, त्याच्यावर मराठी अक्षराचं चित्र चढवलेलं असतं. कृतीदेवमध्ये 'मराठी' हा शब्द टाइप केला तर संगणकाने प्रत्यक्षात 'ई जे के बी एच' अशी पाच इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात. ज्याच्याकडे कृतीदेव आहे त्याला 'मराठी' दिसतं, ज्याच्याकडे नाही त्याला ती पाच अक्षरं दिसतात. माझ्या कथेचं संपादकांकडे हेच झालं.

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला त्याचा स्वतःचा कायमचा क्रमांक आहे. 'म' हा जगातल्या कुठल्याही मोबाइलवर, कुठल्याही फॉन्टमध्ये 'म'च राहतो. फॉन्ट बदलला तर अक्षराचं वळण बदलतं, अक्षर बदलत नाही. म्हणून तो मजकूर ईमेलने जातो, शोधला की सापडतो, वीस वर्षांनीही उघडतो.

तुमच्याकडची फाइल युनिकोडमध्ये आहे का, हे ओळखायची सोपी युक्ती : त्यातली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये स्वतःलाच पाठवून पाहा. तिथे मराठी दिसलं तर युनिकोड. इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसला तर जुना फॉन्ट.

३. टाइप करायच्या वाटा

बहुतेक अँड्रॉइड मोबाइलवर गूगलचा कीबोर्ड असतो. त्याच्या भाषांच्या यादीत मराठी जोडा. तिथे तुम्हाला वाटा अनेक दिसतील. कोणती कोणाला सोयीची, ते सांगते.

बोलून लिहिणं : माइकचं चिन्ह दाबून बोललं की अक्षरं उमटतात. ज्यांचे डोळे थकले आहेत, बोटं वळत नाहीत, त्यांना हे वरदान आहे. पण नेट चांगलं लागतं, विरामचिन्हं नंतर हाताने घालावी लागतात, आणि एक मोठा धोका आहे तो पुढच्या पायरीत.

बोटाने लिहिणं : मराठी निवडताना हस्तलेखनाचाही पर्याय दिसतो. स्क्रीनवर बोटाने 'घ' काढला की 'घ' येतो. आमच्या शेजारच्या मामी सत्तरीच्या आहेत, जात्यावरच्या ओव्या त्यांनी अशाच उतरवल्या. वेग कमी, पण शिकावं असं काहीच लागत नाही.

इंग्रजी अक्षरांतून मराठी : पोरं असंच लिहितात. चार ओळींच्या निरोपाला ठीक. कथा-कादंबरीला मी नको म्हणते, कारण प्रत्येक शब्दाला यंत्र सुचवेल ते घ्यायची सवय लागते, आणि आपला शब्द मागे राहतो.

इन्स्क्रिप्ट : हा आपल्या भाषांसाठी ठरवलेला कीबोर्ड. लांबचं लिहायचं असेल तर हाच शिका. याची रचना आपल्या बाराखडीसारखी शिस्तशीर आहे. डाव्या हाताखाली बहुतेक स्वर आणि काना-मात्रा-वेलांट्या, उजव्या हाताखाली बहुतेक व्यंजनं. इंग्रजीतल्या 'के'च्या जागी 'क', 'आय'च्या जागी 'ग'. शिफ्ट दाबून तीच बटणं दाबली की 'ख' आणि 'घ'. 'डी'च्या जागी हलन्ताचं, म्हणजे अक्षराचा पाय मोडायचं चिन्ह आहे, तेच जोडाक्षराची किल्ली आहे. 'क', मग 'डी', मग 'ष' केलं की 'क्ष'. मी रोज रात्री जेवणं आटोपल्यावर पंधरा मिनिटं बसत होते. पहिले आठ दिवस रडू येईल अशी गत होती. चाळीस दिवसांत बोटं न पाहता चालायला लागली.

लॅपटॉपवर विंडोज असेल तर सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज' उघडून मराठी भाषा जोडा. नेहमीचा मराठी कीबोर्ड इन्स्क्रिप्टच असतो. इंग्रजी-मराठी अदलाबदल करायला विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबायचा.

मराठी लिहिणाऱ्याने एक अक्षर मात्र पहिल्याच दिवशी घोटून घ्यावं : 'ऱ्य'. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, हे संगणकाला कळत नाही, आपण सांगावं लागतं. त्यासाठी साधा 'र' नाही, खाली नुक्ता असलेला 'ऱ' घ्यायचा, मग हलन्त, मग 'य'. इन्स्क्रिप्टमध्ये तो 'जे'च्या बटणावर शिफ्टसह आहे. मोबाइलवर 'र' दाबून धरला की बहुतेक कीबोर्डवर 'ऱ' वर येतो. 'शेतकऱ्याचा' हा आपला रोजचा शब्द 'शेतकर्याचा' असा छापलेला पाहिला की मला फार लागतं.

आणि तुमच्या पडद्यावर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसत असतील तर घाबरू नका. मजकूर बरोबर आहे, फॉन्ट हिंदी वळणाचा आहे. 'तिरो देवनागरी मराठी' हा फुकट मिळणारा फॉन्ट टाकला की आपला गाठीचा 'ल' आणि आपला 'श' दिसतो.

४. आपली बोली यंत्राच्या हाती देऊ नका

या लेखातलं मला सगळ्यात जवळचं इथे आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

माझ्या कथेतली एक बाई म्हणते, "मले तं आजच समजलं का थो वावर इकून रायला." हे वाक्य मी मोबाइलला बोलून सांगितलं. मोबाइलने लिहिलं : मला तर आजच समजलं का तो वावर विकून राहिला. वाचायला चूक काहीच नाही. पण ती बाई गेली. तिच्या जागी कोणीतरी शाळेत शिकवणारी आली. मी घाईत होते, लक्षात आलं नाही, आणि एका अख्ख्या कथेतले 'मले', 'तुले', 'काऊन', 'कायले', 'डोये', 'आभाय' सगळे प्रमाण मराठीत बदलून गेले. छापून आल्यावर माझ्याच जावेने विचारलं, "हे आपल्या गावचं वाटत नाही वो."

तेव्हापासून मी हे करते, तुम्हीही करा.

पहिलं, कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये जाऊन 'ऑटो करेक्शन' बंद करा. शब्द सुचवणं राहू दिलं तरी चालेल, आपोआप बदलणं नको.

दुसरं, त्याच सेटिंग्जमध्ये 'पर्सनल डिक्शनरी' असते. तिथे मराठी निवडून आपले शब्द एकेक करून घाला. मी आजवर तीनशेच्या वर घातले आहेत. वावर, धुरा, बंडी, तुराट्या, फणकट, पऱ्हाटी, सावजी, गोटा, इचीन, रायला, कराले. एकदा घातलेला शब्द यंत्र पुढच्या वेळी स्वतःहून सुचवतं. तीन महिन्यांत माझा मोबाइल बऱ्यापैकी वऱ्हाडी शिकला.

तिसरं, बोलीचा संवाद बोलून टाइप करू नका. निवेदन बोलून लिहा, संवाद बोटाने लिहा. एवढी एक शिस्त पाळली तरी पुष्कळ वाचतं.

चौथं, एकच शब्द पाच तऱ्हांनी लिहू नका. 'रायला', 'राह्यला', 'राह्यला ना' असं जसं सुचेल तसं मी लिहायचे. आता वहीत दोन रकाने आखले आहेत : बोलीतला शब्द आणि त्याचं मी ठरवलेलं लेखन. झाडीपट्टीकडचे, भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीकडचे लिहिणारे असाल तर तुमची यादी निराळी होईल, पण यादी हवीच.

पाचवं, संपादकांना मजकुराच्या वर दोन ओळी लिहा : संवादातली रूपे हेतुपुरस्सर वऱ्हाडी ठेवली आहेत, कृपया प्रमाण करू नयेत. माझ्या अनुभवात संपादक हे मान देऊन पाळतात. न सांगता गेलं तर मुद्रितशोधक त्यांचं काम करणारच, त्यांचा दोष नाही.

आता मजकूर सुधारून देणारी यंत्रंही मोबाइलवर आली आहेत. त्यांच्याकडून अर्ज लिहून घ्या, पत्र लिहून घ्या. बोलीतली कथा 'शुद्ध करून दे' म्हणून त्यांना देऊ नका.

गोंडी, कोरकू, कोलामी बोलणाऱ्या घरांतून आता पोरं लिहायला लागली आहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट. देवनागरीत लिहायचं असेल तर वरचं सगळं तसंच लागू होतं. गोंडीच्या स्वतःच्या लिप्याही युनिकोडमध्ये आल्या आहेत, मसराम गोंडी २०१७ मध्ये आणि गुंजाला गोंडी २०१८ मध्ये. म्हणजे त्या लिपीत लिहिलेलंही आता जपून ठेवता येतं.

५. जुन्या वह्या, कात्रणं आणि जुन्या फाइली

वह्यांचे फोटो काढा, आजच. वाळवी आणि पाऊस कोणाची वाट पाहत नाहीत. सकाळच्या उजेडात, ओसरीत, पान सपाट ठेवून, सावली पडू न देता. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात आधी पेन्सिलीने क्रमांक घाला, नाहीतर नंतर दोनशे फोटोंचा क्रम लावता लावता जीव जातो.

छापील कात्रणं पुन्हा टाइप करायची गरज नसते. गूगल लेन्सने कात्रणाकडे मोबाइल धरला की मजकूर कॉपी करता येतो. संगणकावरून करायचं तर फोटो गूगल ड्राइव्हमध्ये टाका आणि 'ओपन विथ'मधून 'गूगल डॉक्स' निवडा, फोटोच्या खाली टाइप झालेला मजकूर मिळतो. फोटो २ एमबीच्या आतला ठेवा. चांगल्या छपाईचं काम छान होतं. जुना पिवळा कागद असला तर 'घ' चा 'ध' आणि 'भ' चा 'म' होतो, त्यामुळे ओळ न् ओळ ताडून पाहावी लागते. हाताने लिहिलेल्या वहीवर मात्र भरवसा ठेवू नका, ती स्वतः टाइप केलेलीच बरी. टाइप करताना कथा सुधारतेही.

जुन्या फॉन्टातल्या फाइली असतील तर त्या युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं इंटरनेटवर फुकट आहेत. आधी फॉन्टचं नेमकं नाव माहीत करून घ्या, कारण कृतीदेवसाठीचं साधन शिवाजीला चालत नाही. बदलल्यावर चार ठिकाणं हमखास तपासा : रफार शेजारच्या अक्षरावर गेला का, पहिली वेलांटी जागची हलली का, 'ऱ्य' टिकला का, आणि अवतरणचिन्हांच्या जागी भलतंच अक्षर आलं का.

६. संपादकांना पाठवताना

बहुतेक दिवाळी अंक उन्हाळ्याच्या शेवटापासून श्रावणापर्यंत साहित्य मागवतात. आपल्याकडे तेव्हा पेरणी, डवरणी, निंदण. म्हणून कथा मे महिन्याच्या आधी तयार ठेवा.

वर्ड फाइल आणि तिचीच पीडीएफ, दोन्ही जोडा. पीडीएफवरून संपादकांना कळतं की तुम्हाला काय दिसत होतं. फाइलचं नाव 'नवीन १' ठेवू नका, कथेचं आणि तुमचं नाव ठेवा. मजकुराच्या शेवटी, फाइलच्या आतच, पूर्ण नाव, पत्ता, फोन आणि 'ही कथा अप्रकाशित आहे' हे वाक्य. तुमचा फोटो मागितला तर व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो आकसतो आणि छपाईत फुटतो. जीमेलने एका वेळी २५ एमबीपर्यंतच जोडता येतं, हेही ध्यानात असू द्या.

इथे एक सापळा आहे. समाजमाध्यमावर टाकलेली कथा पुष्कळ संपादक 'प्रकाशित' धरतात. आधी तिथे टाकून मग अंकाला पाठवली आणि परत आली, असं माझ्या ओळखीत दोघांचं झालं.

पाठवलेलं ईमेल पुसू नका. कोणत्या तारखेला, कोणाला, काय पाठवलं याचा तो तुमचा पुरावा आहे.

७. तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडून पुस्तक करून घेताना

आपल्याकडची पुष्कळशी दुकानं अजून पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर चालतात. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची आहे आणि तिला युनिकोड कळत नाही. म्हणजे तुम्ही चाळीस दिवस घाम गाळून युनिकोडमध्ये दिलेली फाइल दुकानदार उलटी जुन्या फॉन्टात बदलतो आणि मग पानं लावतो. त्यात रफार आणि 'ऱ्य' पुन्हा बिघडतात. त्यामुळे तुमची मूळ फाइल निर्दोष होती, या भरवशावर मुद्रितं, म्हणजे छपाईआधी तपासायला दिलेली पानं, न वाचता छपाईला हो म्हणू नका. इनडिझाइन या युनिकोड कळणाऱ्या नव्या सॉफ्टवेअरवर काम करणारं दुकान मिळालं तर तिकडेच जा.

दुसरी गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. मुद्रितांवर तुम्ही लाल पेनाने केलेल्या दुरुस्त्या दुकानदाराच्या फाइलमध्ये होतात, तुमच्या फाइलमध्ये होत नाहीत. पुस्तक छापून आलं की शुद्ध मजकूर दुकानात राहतो आणि अशुद्ध तुमच्याकडे. पाच वर्षांनी दुसरी आवृत्ती काढायची म्हटली की पहिल्यापासून काम. यावर उपाय एकच, मुद्रितं तपासताना लॅपटॉप किंवा मोबाइल शेजारी ठेवा आणि प्रत्येक दुरुस्ती त्याच क्षणी स्वतःच्या फाइलमध्येही करा. एकाच वेळी दोन्हीकडे. उशीर होतो, होऊ द्या.

पैसे चुकते करण्याआधी दुकानदाराकडून तीन गोष्टी पेनड्राइव्हवर घ्या : छपाईची अंतिम पीडीएफ, मुखपृष्ठाची मूळ फाइल, आणि पानं लावलेली फाइल. काम सुरू करतानाच हे बोलून ठेवा. शेवटी मागितलं की कुरकुर होते.

८. हक्क, करार आणि नोंदणी

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. तुम्ही लिहिलं त्या क्षणी हक्क तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. तुमच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं तो राहतो. तरी नोंदणी करायचीच असेल तर साहित्यकृतीला सरकारी शुल्क ५०० रुपये आहे आणि अर्ज घरबसल्या करता येतो.

प्रकाशकाशी करार कागदावर आणि सहीनिशीच होतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतं धरतो. म्हणून 'सर्व माध्यमांतील सर्व हक्क कायमस्वरूपी' असं वाक्य दिसलं की पेन खाली ठेवा. छापील पुस्तक, ई-पुस्तक, ऑडिओ, भाषांतर, नाटक-सिनेमा हे निरनिराळे हक्क आहेत, ते निरनिराळे लिहायला सांगा. आणि हक्क विकला तरी लेखक म्हणून आपलं नाव सांगण्याचा अधिकार तुमच्याकडेच राहतो, कायद्याच्या कलम ५७ मध्ये तसं लिहिलेलं आहे.

आयएसबीएन हा पुस्तकाचा १३ अंकी क्रमांक. आपल्या देशात तो ९७८-८१ किंवा ९७८-९३ असा सुरू होतो. दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी तो देते आणि फुकट देते. स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही मिळतो. 'आयएसबीएनचे इतके हजार' असं कोणी सांगितलं तर ते पैसे क्रमांकाचे नाहीत हे ओळखा.

ई-पुस्तक काढायचं तर ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी चालतं. खातं तुमच्या नावाने उघडा. मानधन ३५ टक्के किंवा ७० टक्के अशा दोन तऱ्हांचं असतं. भारतात विकल्या गेलेल्या प्रतीवर ७० टक्के हवे असतील तर पुस्तक 'केडीपी सिलेक्ट' या किंडलच्याच योजनेत घालावं लागतं, आणि मग ९० दिवसांच्या त्या मुदतीत तोच मजकूर डिजिटल रूपात दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही. प्रतिलिपी या कथांच्या ॲपवर आधीच कथा टाकल्या असतील तर हा घोळ हमखास होतो. तुम्हाला वाचक हवे आहेत की पैसे, हे आधी ठरवा.

पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पाहा. तिची जाहिरात निघते, तिच्यावर डोळा ठेवा. विदर्भ साहित्य संघाची जवळची शाखा कुठे आहे तेही विचारून ठेवा. १९२३ पासूनची संस्था आहे, माणसं भेटतात, आणि अशा कागदपत्रांत कोणीतरी आधी गेलेलं असतं.

एका फाइलमध्ये हे काढून ठेवा, सगळीकडे हेच मागतात :

- आधार आणि पॅन. ई-पुस्तकाच्या मानधनाला पॅन लागतोच.
- बँक पासबुकाचं पहिलं पान, आयएफएससी दिसेल असं. सगळीकडे नाव एकाच तऱ्हेने लिहिलेलं हवं. माहेरचं-सासरचं नाव वेगळं असलेल्या बायांनी हे आधी निस्तरून घ्यावं.
- पुस्तकाचं नावाचं पान आणि मुखपृष्ठ.
- मुखपृष्ठाचं चित्र दुसऱ्याचं असेल तर त्याची लेखी परवानगी.

९. व्हॉट्सॲपवर टाकण्याआधी

माझी पोळ्यावरची एक कविता नाव कापून इतकी फिरली की एका कार्यक्रमात ती मलाच 'अज्ञात कवीची' म्हणून ऐकवली गेली. मी उभी राहून सांगितलं, पण सभागृहात कोणाच्या चेहऱ्यावर विश्वास दिसला नाही.

म्हणून कविता आधी कुठेतरी तारखेनिशी छापून येऊ द्या. नाव शेवटी सुटं लिहू नका, तेच आधी कापलं जातं. शीर्षकाच्या ओळीतच लिहा : 'पोळा' आणि लगेच तुमचं नाव. आणि आपणही दुसऱ्याची कविता नावाशिवाय पुढे ढकलू नये.

गटांवर 'राज्यस्तरीय सन्मान', 'प्रातिनिधिक काव्यसंग्रहात निवड' असे निरोप येतात आणि खाली नोंदणी शुल्क असतं. निवड होण्यासाठी लेखकाने पैसे द्यावे लागत असतील तर ती निवड नाही. त्याच पैशात दहा पुस्तकं येतात. आणि ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, तो कितीही 'सर' म्हणवत असला तरी.

१०. खातं सांभाळणं

रिचार्ज संपला, नंबर बंद पडला, काही महिन्यांनी तोच नंबर कंपनीने दुसऱ्याला दिला, असं आपल्याकडे नेहमी होतं. ईमेल खातं त्या नंबरावर असेल तर पासवर्ड विसरल्यावर परत मिळवायची वाट बंद. नंबर बदलला की त्याच दिवशी खात्यातही बदला. घरातल्या दुसऱ्या माणसाचा नंबर आणि ईमेल 'रिकव्हरी' म्हणून जोडून ठेवा.

दोन वर्षं एखादं गूगल खातं उघडलंच नाही तर गूगल ते मजकुरासकट पुसू शकतं. म्हणून दर पोळ्याला आणि दर संक्रांतीला मी खातं उघडते, सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर उतरवते, आणि नवीन झालेल्या कथांची एक-एक प्रत कागदावर छापून ट्रंकेत ठेवते. पेनड्राइव्ह माझ्या घरात नसतो, बहिणीच्या गावी असतो.

शेजारच्या गावातले एक जुने कवी दोन वर्षांआधी वारले. शेवटच्या काळात ते सगळं मोबाइलवरच लिहायचे. मोबाइल घरच्यांकडे आहे, पण कुलूप कोणालाच उघडता आलं नाही. मुलगा तो घेऊन माझ्याकडे आला होता. आम्ही दोघं ओसरीत बसून तासभर प्रयत्न केले, मग त्याने तो रुमालात गुंडाळून पुन्हा खिशात ठेवला.

गूगल खात्याच्या सेटिंग्जमध्ये 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' नावाची सोय आहे. ठरावीक महिने खातं वापरलं गेलं नाही तर आतला मजकूर कोणाला मिळावा, हे तिथे आधीच सांगून ठेवता येतं. त्या माणसाचं ईमेल आणि फोन नंबर घालायचा, मुदत निवडायची, दहा मिनिटांचं काम आहे. मी तिथे भाचीचं नाव घातलं आहे, आणि पासवर्डची वही कोणत्या डब्यात आहे तेही तिला दाखवलं आहे.